काकडाखालची जागा

काकडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर जमिनीला एक भेग होती. मे महिन्यात जमिनीला भेगा पडतात यात नवल नाही. माती सुकते, आकसते आणि फाटते; अशा भेगा लांब जातात आणि त्यांच्या कडा सपाट असतात. ही भेग लांब नव्हती. एका बिंदूपासून तीन दिशांना जेमतेम बोटाच्या पेराएवढी फुटली होती, आणि मधले मातीचे तुकडे वर उचलले गेले होते, भाताच्या पातेल्यावरचं झाकण वाफेने उचललं जावं तसे. ही माती आकसून फाटलेली नव्हती. तिला खालून काहीतरी ढकलत होतं.

रविवारी सकाळी मी तिथे उकिडवी बसून बघत होते. आईने मागच्या ओट्यावरूनच विचारलं, "आलं का गो?"

"अजून नाही. पण सरकतंय."

"मंग बघत काय बसलीस? काटी टाक. कोंबड्या उकरतील."

मी करवंदीची वाळलेली काटी आणून त्या जागेभोवती गोल रचली. दर वर्षी आई रचते. या वर्षी तिचा गुडघा धरलाय.

शेणव्याच्या पुढे आमची वाडी आहे. घरामागे, शेताच्या बांधाला लागून काकडाचं जुनं झाड, आणि झाडाखाली शेवळांची जागा. शेवळं कोणी लावत नाही, ती असतात. वर्षातले बरेच महिने तिथे काही दिसत नाही. उघडी तांबडी माती आणि चार वाळकी पानं. मे संपत आला की जांभळट तपकिरी कोंब वर येतात. आई ते मोडून आणते, त्यातला घशाला खाजणारा पिवळा भाग काढून टाकते आणि वरच्या झाडाची आंबट काकडं ठेचून भाजीत घालते, कारण शेवळाची खाज आंबटानेच मरते. भाजी खाली, आंबट वर. आई त्या जागेला फडताळ म्हणते.

तिचे नियम दोनच. शेवळ मोडायचं, उपटायचं नाही. खालच्या कांद्याला हात लावायचा नाही. आणि पहिल्या दिवशी निघालेली शेवळं आपल्या घरी शिजवायची नाहीत. वाडीत त्या वर्षी ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरी ती द्यायची. बाबा गेले त्या वर्षी आईने ती आमच्याच चुलीवर ठेवली आणि ताटात वाढताना म्हणाली, "खा. आज आपली पाळी हाय." या वर्षी ती जनाबाईकडे जायची होती. जनाबाईचा नवरा होळीच्या आधी गेला. परवा बुद्ध पौर्णिमेला विहारात ती आईशेजारी बसली होती आणि उठताना तिने फक्त एवढंच विचारलं होतं, "धोंडाबाय, काटी टाकलीस का?"

बाबांच्या मागे ही जागा आईने माझ्या नावावर केली. माझ्या नवऱ्याला, मुकेशला, ती हवी आहे. काकड पाडून, बांध सपाट करून त्याला तिथे मॉडेल गार्डन उभारायचं आहे. हिरवी जाळी, हिरवळ, बसायला बाकडी, आणि दर रविवारी फी भरून येणारी माणसं. असं करता करता तिसरा उन्हाळा आला. तो विचारतो, मी "बघू" म्हणते. आईला विचारलं तर ती म्हणते, "तुझ्या नावावर हाय, तू काय ते बोल." मी बोलले नव्हते. माझा स्वभाव ओरडण्याचा नाही, आणि मुकेशशी न ओरडता बोललेलं त्याला संमती वाटतं.

मुकेश पूर्वी कल्याणला खतं-औषधांच्या दुकानात होता. आता तो 'बागमित्र मुकेश सर' आहे. मुरबाड ते शहापूर पट्ट्यात डोंगरउतारावर शेतघरं वाढली, त्यांच्या मालकांना बागेचा सल्ला लागतो आणि मुकेशच्या खिशात सल्ला नेहमी असतो. मुरबाडच्या एस.टी. स्टँडमागे भाड्याच्या खोलीत तो वाढला. त्याच्या आईची तुळससुद्धा डब्यात होती. यात कमीपणा काही नाही. डब्यातल्या तुळशीकडे नीट बघूनही माणसाला बरंच कळू शकतं. त्याने बघितलं नाही एवढंच.

मी मुरबाडला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मुकेशच्या पोस्टरवर त्याच्या फोटोखाली बारीक अक्षरात 'शास्त्रीय मार्गदर्शन: एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र' असं असतं. ती एम.एस्सी. मी. माझं नाव तिथे नाही, फक्त पदवी आहे, आणि ती त्याची आहे असं वाचणाऱ्याला वाटलं तर मुकेश वाचणाऱ्याला दोष देत नाही.

दर शनिवारी तो मला त्याच्या ग्रुपसाठी टिपा लिहायला सांगतो. मे महिन्यासाठी मी लिहून दिलं होतं ते असं: नवीन झाड आता लावू नका, पावसाची वाट बघा. खत देऊ नका; कोरड्या मातीत खताचं मीठ मुळांतलंच पाणी ओढून घेतं. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी खोल पाणी द्या, ऊन चढायच्या आत किंवा कलल्यावर. पाचोळा झाडून टाकू नका, तोच आळ्यात पसरा. छाटणी नको. हिरवळ पिवळी पडत असेल तर पडू द्या, ती मेलेली नसते.

मुकेशने वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "यात करण्यासारखं काहीच नाय, रत्ना. हे नको, ते नको. लोकांना संडेला काहीतरी करायला पायजे."

"मे महिन्यात काही न करणं हेच बागकाम आहे."

"त्याला कोण फी देईल?"

प्रश्न चोख होता. त्या शनिवारी ग्रुपवर गेलं ते असं: दुपारी पानांवर थंड पाण्याचा फवारा मारा, झाडांनाही गारवा हवा असतो. कुंडीत बर्फाचे खडे ठेवा, हळूहळू वितळून मुळांना थंडावा देतील. उन्हाळी टॉनिक सरांकडे मिळेल. खाली ग्रुपवर पन्नास-साठ जोडलेले हात, फुलं आणि 'खूप छान माहिती सर'. एका गृहस्थांनी जास्वंदीच्या कुंडीत बर्फाचा पूर्ण ट्रे उलटा केल्याचा फोटो टाकला. जास्वंद त्यांच्याकडे संशयाने बघत असावी असं मला वाटलं.

या मंडळींबद्दल मला फार प्रेम नाही. त्यांच्या शेतघरांत सागाचा, ऐनाचा पाचोळा पडतो. तो त्यांना कचरा वाटतो. आमच्या वाडीशेजारचा केरू तो झाडून नेतो, झाडल्याची मजुरी घेतो आणि पाचोळा आपल्या राबावर, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर, पसरून जाळतो. मग ही मंडळी झाडांच्या बुडाशी घालायला नारळाच्या भुशाच्या गोण्या विकत आणतात, पार तमिळनाडूतून आलेल्या. केरू म्हणतो, "मान्सं खुळी हायत." मी केरूशी सहमत आहे. अर्थात केरू स्वतः राबासाठी ऐनाची झाडं शेंड्यापर्यंत अशी तासतो की ती जळक्या काड्यांसारखी दिसतात. तेव्हा त्याच्याही शहाणपणाला कुंपण आहे.

फेब्रुवारीत मुकेश काकडाखाली उभा राहून वर बघत म्हणाला होता, "हे झाड मेलंय."

"पानं टाकलीत त्याने."

"तेच म्हणतोय मी."

मी समजावलं होतं. पाण्याचा तोटा असला की झाड पानं टाकतं, पानांतूनच पाणी उडतं म्हणून. ही मरणाची खूण नव्हे, हिशेबीपणाची आहे. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला: 'वेळेवर काळजी न घेतल्याने वाळलेलं झाड.' मार्चमध्ये त्या वाळलेल्या झाडाला पिवळसर फुलं आली. एप्रिलमध्ये कोवळी पालवी. आता मे महिन्यात फांद्यांच्या टोकांना हिरव्या गोट्यांचे घोस लटकत होते. मी नुसतं वर बोट केलं. तो म्हणाला, "मरताना झाडं शेवटचा बहर देतात."

तर त्या रविवारी मी आदल्या संध्याकाळपासून आईकडे होते. मुकेश सकाळी माणसं घेऊन येणार होता. "जागा बघतील, जेवतील, जातील," एवढंच त्याने सांगितलं होतं. चार मोटारी आल्या. दोघं-तिघं आटगाव स्टेशनला उतरली होती, त्यांना तो जीपने घेऊन आला. टोप्या, गॉगल, गळ्यात ओले पंचे. सगळ्यांत पुढे देवकी मॅडम, बँकेतून निवृत्त झालेल्या, पलीकडच्या टेकडीवर त्यांचं शेतघर. त्यांची टोपी एवढी रुंद होती की दारातून येताना त्यांना तिरकं व्हावं लागलं.

"जय भीम, आई," मुकेश म्हणाला.

"जय भीम. एवढी मान्सं घेऊन कुठं चाललाव, मुकेशराव?"

"इथंच आलोय. शिबिर आहे ना आपलं."

"कसलं? डोळ्याचं?"

दोघे-चौघे हसले. मुकेशही हसला, पण त्याला ते आवडलं नाही. "बागेचं, आई. आणि यंदा शेवळं कधी? माझ्या तोंडाला आतापासून पाणी सुटलंय. सुकट घालून करा, मागच्यासारखी."

"येतील. जागेला जाग आली की येतील."

"सर, शेवळं म्हणजे?" एकाने विचारलं.

"अरे, तुमी खाल्ली नाय? मग तुमी काय खाल्लंत," मुकेश म्हणाला. "मुरबाडच्या बाजारात जुड्या येतात. जांभळ्या जांभळ्या. आमच्या घरी शेवळांचा दिवस म्हणजे सण असायचा. ही खरी गावाकडची चव."

मंडळींनी मान डोलावली. मी आत गेले.

आत आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी वाल सोलत होते. बाहेरून मुकेशचा आवाज येत होता. तो कॉलरला छोटा माइक लावतो आणि ओट्यावर स्पीकर ठेवतो, समोर पंधराच माणसं असली तरी. शिवाय तिवईवर मोबाईल, कारण शिबिर नंतर ग्रुपवरही जातं.

"मे महिना म्हणजे माती तापवायचा महिना," स्पीकर म्हणाला. "रिकामी जागा दिसली की खणा. कडक ऊन मातीच्या पोटात जाऊ दे. कीड मरेल, रोग मरेल."

हे वाक्य माझं होतं, अर्धं. मी लिहिलं होतं की भाजीचा वाफा खरोखर रिकामा असेल तर तो आता खणून तापू द्यावा. 'खाली काय आहे ते आधी माहीत असेल तरच,' हे मी त्याच ओळीत लिहिलं होतं. तो भाग त्याने गाळला. 'तरच' हा शब्द मुकेश नेहमी गाळतो. जगात 'तरच' नसतं तर तो तज्ज्ञ झाला असता.

"तुला आवडतं गो हे?" आईने परातीतून मान वर न करता विचारलं.

"काय?"

"नाक असं वर करून बसायला. तू ल्हान होतीस तवापासून बगते मी. कुनी येड्यासारखं बोललं की तुजं नाक वर जातं. तोंड काय उगडत नाय."

"बोलून काय फायदा?"

"नाकाचा काय फायदा?"

मी वाल सोलत राहिले. बाहेर टिकावाचे घाव पडायला लागले. आमच्या अंगणाची जमीन खडकाळ आहे, तिथे टिकाव मारला की टण्णकन वाजतो. हे घाव तसे वाजत नव्हते. मऊ, खोल, भाकरीवर थाप पडावी तसे. आईचा हात परातीतच थांबला.

"कुठं खनतोय तो?"

मी उठले. आई गुडघ्यावर हात रेटत उठेपर्यंत मी मागच्या दारापर्यंत पोचले होते.

करवंदीची काटी बाजूला फेकलेली होती. मुकेशने बाह्या दुमडल्या होत्या, कपाळावर घाम होता, आणि मोबाईलच्या नजरेत आपण नीट येतोय का हे तो प्रत्येक घावानंतर तपासत होता. काकडाखालची जागा त्याने चांगली चटईभर खणली होती. गोणपाटावर काढलेले कांदे पसरले होते. तपकिरी, चपटे, बटाट्याहून थोडे मोठे. काहींचे वरचे कोंब अर्धे तुटले होते, आणि तुटलेल्या जागी गुलाबी-पांढरा गर उन्हात चमकत होता. सकाळी मी ज्या भेगेशी बसले होते ती भेग आता नव्हती. तिथे खड्डा होता.

"या बघा," मुकेश एक कांदा उंच धरून सांगत होता. "या जुन्या गाठी. जमिनीचं सत्त्व खात बसलेल्या. वरून काही दिसत नाही, आणि आपण म्हणतो झाड का वाळलं. या सगळ्या काढायच्या, उन्हात टाकायच्या, दोन दिवसांत खलास. देवकी मॅडम, जरा हातात घ्या, फोटो काढू."

देवकी मॅडमनी दोन्ही हातांत एकेक कांदा घेतला आणि हसल्या. फोटो निघाला. मग त्यांनी गळ्यावरचा घाम पुसला, त्याच हातांनी.

मी मुकेशकडे बघत होते. माझ्या मनात राग आधी आला नाही. आधी आलं ते नवल. हा माणूस गेली पस्तीस वर्षं शेवळं खातो आहे. त्याच्या आईने सोललेली, माझ्या आईने शिजवलेली. त्याला वासावरून कळतं की भाजीत काकडं कमी पडलीत. आणि ती जमिनीत कशी असतात हे त्याने एकदाही विचारलेलं नाही. त्याच्या लेखी शेवळं जुडीत उगवतात, केळीच्या सोपटाने बांधलेली.

आई माझ्या मागून आली. गुडघा वाकत नव्हता म्हणून ती एका हाताने काकडाला धरून हळूच खाली बसली आणि गोणपाटावरचे कांदे एकेक करून पदरात घ्यायला लागली. तुटके एका बाजूला, अख्खे एका बाजूला. अख्खे फार नव्हते.

"आई, हात नका लावू, रोगट आहेत," मुकेश म्हणाला.

आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "जनीला काय सांगू आता?"

मी बाजूला फेकलेली काटी उचलली.

"तू बघू बघू करीत बसलीस," ती म्हणाली, "आनि त्याला वाटलं कुनी बघतच नाय." आवाज अजिबात चढला नव्हता. तिने एक कांदा हातात फिरवून त्याच्या कोंबावरची माती फुंकली. "काटी घातली होती ना गो. काटी दिसली नाय याला?"

"ते काटे होय?" मुकेश म्हणाला. "ते मीच काढले. कोणाच्या पायाला लागले असते."

तेवढ्यात देवकी मॅडम गळा खाजवायला लागल्या. आधी एका बोटाने, मग चारही बोटांनी. मग तळहात एकमेकांवर घासायला लागल्या. गळ्यावर लाल पट्टा उमटला. "सर, काहीतरी होतंय. सुया टोचल्यासारखं."

"होतं असं," मुकेश म्हणाला. "आपल्याला मातीची सवय राहिलेली नाही ना. मातीशी नातं जुळताना शरीर रिॲक्ट करतं. कोरफड लावा. कोरफड आहे ना, रत्ना?"

मी आत जाऊन चिंचेचा कोळ करून आणला. देवकी मॅडमच्या हातांवर, गळ्यावर चोळायला दिला. त्यांची टोपी मी काढून ठेवली. त्यांना स्वतःला हात लावता येत नव्हता. टोपीखाली त्यांचे केस पांढरे आणि ओले होते, आणि चेहरा घाबरलेल्या मुलीसारखा. थोड्या वेळाने त्यांनी श्वास सोडला.

"उतरतंय," त्या म्हणाल्या. मग आईच्या पदराकडे बघत त्यांनी मला विचारलं, "हे नेमकं काय आहे हो?"

सकाळपासून त्या जमावात कोणी खरा प्रश्न विचारला असेल तर तो हा. मी त्यांच्याबद्दलचं माझं मत थोडं सुधारलं. थोडंच, त्यांच्या शेतघरात मे महिन्यात हिरवळीला दोन वेळा पाणी मारतात हे मला माहीत आहे.

मी उत्तर देण्याआधी मुकेशने संधी ओळखली. तो संधी चटकन ओळखतो, हे मात्र कबूल करायला हवं. "याचं सायंटिफिक उत्तर आमच्या मॅडम देतील," तो म्हणाला आणि आपल्या कॉलरचा माइक काढून माझ्या साडीच्या काठाला लावला. मोबाईल माझ्याकडे वळवला. "पण त्याआधी एक गुड न्यूज. पुढचं शिबिर याच जागेवर, आपल्या स्वतःच्या मॉडेल गार्डनमध्ये. बुधवारी जेसीबी येतोय. हे वाळकं झाड, हा बांध, सगळं एका दिवसात साफ. पावसाच्या आत हिरवळ लागेल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वरून एक काकड टपकन गोणपाटावर पडलं. ते हिरवं आणि रसरशीत होतं. कोणी बघितलं नाही.

बुधवारच्या जेसीबीबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होते. आईही. ती कांदे वेचायची थांबली.

"बोल रत्ना," मुकेश हळूच म्हणाला. "दोन मिनिटं. सोप्या भाषेत."

मी बोलले. स्पीकर ओट्यावर होता, त्यामुळे माझा आवाज मला घराच्या बाजूने, जरा उशिरा, परका होऊन ऐकू येत होता. वर्गात मी जशी बोलते तशीच बोलले.

"या गाठी रोगट नाहीत. हे कंद आहेत. यांच्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते कातडीत घुसतात म्हणून आग होते. आंबट लावलं की आग कमी होते. पावसाळ्यात या कंदाला एकच पान येतं. ते पान चार महिने जे अन्न तयार करतं ते इथे साठतं, आणि पान वाळून जातं. मग पुढचे सगळे महिने कंद जमिनीत गप्प असतो. वरून बघणाऱ्याला जागा रिकामी वाटते. मे संपताना त्यातून फूल वर येतं. पाऊस पडायच्या आधीच, साठवलेल्या जोरावर. ते फूल आपण खातो."

"खातो?" देवकी मॅडम म्हणाल्या.

"हो. सरांनी सकाळी तुम्हाला सांगितलं ना, त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं म्हणून. हीच ती शेवळं."

मुकेशने माझ्याकडे बघितलं, मग आईच्या पदराकडे, मग खड्ड्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी नीट पाहिलं, कारण अशी संधी वारंवार येत नाही. आधी अविश्वास होता. मग, अगदी क्षणभर, भूक. आणि मग मोबाईल चालू आहे हे त्याला आठवलं.

"शेवळं अशी असतात?" तो म्हणाला आणि हसला. "बघा, मंडळी. मातीत रोज नवीन शिकायला मिळतं. हीच तर मजा आहे बागकामाची."

एक-दोघे हसले. बाकीच्यांना हसावं की नाही ते ठरवता येईना.

"आता हे परत पुरता येतील ना?" देवकी मॅडमनी मला विचारलं.

"अख्खे येतील. यंदा फूल येणार नाही. ज्यांचा कोंब तुटलाय ते जगले तर पुढच्या एक-दोन वर्षांत सावरतील. जागा हलली नाही तर, आणि वर हे झाड असलं तर."

"अरे, त्यात काय एवढं," मुकेश म्हणाला. "जेसीबीचं काम झालं की एका कोपऱ्यात लावू ना. 'शेवळा कॉर्नर'. बोर्ड लावू. लोकांना आवडेल. आणि यंदाचं म्हणाल आई, तर बाजारातून चार जुड्या आणतो मी. मोठ्या. जनाबाईंना नेऊन द्या."

आईने पदर गोळा केला. झाडाला धरून उठली. तिला उठताना त्रास होत होता, पण मुकेशने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. खड्ड्याच्या कडेला उभी राहून तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजारात नासकं वांगं बघावं तसं, आणि म्हणाली, "इकत आनलेली शेवळं दुखवट्याला देत नसतात, मुकेशराव. ती तुमीच खा. पोटभर खा."

मग ती माझ्याकडे वळली आणि पदर माझ्यापुढे धरला. त्यात मातकट कांदे आणि तुटके कोंब होते. दोन-चार अजून ओले. तिचं बोलून झालं होतं.

मी पदरातला एक अख्खा कंद उचलला. बोटांना लगेच चुणचुण सुरू झाली. कोंब वर राहील असा तो हातात धरून मी मुकेशकडे बघितलं. तो मोबाईल बंद करायला तिवईकडे निघाला होता.

"मुकेश," मी म्हणाले. स्पीकरमधून ते नाव अंगणभर गेलं. मी त्याला चारचौघांत कधी नावाने हाक मारत नाही. तो थांबला.

"जेसीबीवाल्याला फोन करा आणि येऊ नको म्हणून सांगा."

तो जवळ आला, माइककडे बघून आवाज खाली केला आणि ओठांवर तेच शिबिराचं हसू ठेवून म्हणाला, "आता नको. लोक आहेत. घरी गेल्यावर आपण बघू."

"बघायचं काही राहिलेलं नाही," मी म्हणाले. "ही जागा मी तुम्हाला देणार नाही."